ओवीगीतांतील प्रेम, मत्सर व शोक

ओवीगीतांतील प्रेम, मत्सर व शोक : दळण-कांडण करताना मराठी स्त्रियांनी रचलेल्या आणि मौखिक परंपरेने जतन केलेल्या ओव्यांतील एक महत्त्वाचा भावविषय. जात्यावरच्या ओव्या म्हणजे माहेर, भाऊ, तान्हे बाळ आणि पंढरीचा विठ्ठल ह्यांविषयीची गोड गाणी, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. दांपत्यप्रेम, सवतीविषयीचा मत्सर आणि त्यांतून ओढवणारे वियोग व मरण ह्यांनाही ओवीत मोठे स्थान आहे. मात्र हे विषय तीत सहसा सरळ येत नाहीत. गाणारी स्त्री आपले सुखदुःख सीता, रुक्मिणी, म्हाळसा ह्यांच्या नावे सांगते आणि स्वतः बाजूला राहते. देवादिकांच्या संसाराविषयीची ओवी वाचताना म्हणूनच ती गाणाऱ्या स्त्रीचा संसारही ध्यानात ठेवावा लागतो.

स्वरूप व प्राचीनता : ग्रांथिक ओवीचे चार चरण असून पहिल्या तिहींच्या अंती यमक असते व चौथा चरण आखूड असतो, ज्ञानेश्वरीची (१२९०) ओवी ह्या प्रकारची आहे. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. तिच्यातील अक्षरसंख्या सैल असून मधूनमधून ‘बाई’, ‘सांगते’ यांसारखे भरीचे शब्द घालून ती चालीत बसविली जाते. ह्या चालीला गाणाऱ्या स्त्रिया ‘गळा’ म्हणतात. दोघीजणी जात्याच्या दोन बाजूंना बसून एकाच खुंट्याला हात घालतात. एकीने म्हटलेली ओवी दुसरी उचलते किंवा तिला जोड देते. वरच्या पाळीच्या तोंडात मूठमूठ धान्य घालीत जाते फिरवावयाचे, आणि त्या फेऱ्यांच्या लयीत ओवी चालते. पहिली ओवी देवाला वाहण्याची रीत आहे. जात्यालाही देव मानून त्याच्याजवळ मन मोकळे केले जाते. दळण्याची वेळ पहाटेची, घरातील इतर माणसे निजलेली आणि गाण्याला जात्याची घरघर सोबतीला. सासुरवाशिणीच्या दिवसातील एवढाच काळ तिला बोलण्यासाठी मोकळा असे. तोही पूर्णपणे मोकळा नसे. पलीकडच्या खोलीत सासू जागी असू शकते, ह्याची जाणीव ओवीच्या शब्दयोजनेतून सतत डोकावते.

दोन ओळींच्या ह्या मर्यादेमुळे ओवीत कथा सांगितली जात नाही. सीतेचा वनवास ओव्यांतून कळतो, तो सुट्या ओव्यांच्या राशीतून. प्रत्येक ओवी त्या कथेतील एकच क्षण पकडते. क्रम लावण्याचे काम ऐकणारीकडे असते, कारण कथा तिला आधीच ठाऊक असते.

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) ह्याच्या मानसोल्लास ह्या ग्रंथात आढळते. आशयाच्या दृष्टीने मात्र ह्या गीतांचे नाते आणखी मागे, हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती ह्या माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रहाशी जोडता येते. स. आ. जोगळेकर ह्यांनी त्याची मराठी आवृत्ती १९५६ मध्ये सिद्ध केली. तेथेही दोन ओळींची सुटी गाथा आहे, खेड्यातील स्त्रीचा आवाज आहे, परगावी गेलेला पती आहे आणि सवतही आहे. फरक एवढाच, की गाथेतील नायिका आपला मत्सर चतुराईने पण स्वतःच्या तोंडाने बोलून दाखविते आणि ती बोलत असली, तरी ती गाथा दरबारी संग्राहकाच्या रसिकतेतून गाळून आलेली असते. ओवीला असा संग्राहक बराच उशिरा, विसाव्या शतकात मिळाला.

संकलन : साने गुरुजी (१८९९–१९५०) ह्यांचे स्त्रीजीवन, कमलाबाई देशपांडे ह्यांचे अपौरुषेय वाङ्मय (१९४८) आणि सरोजिनी बाबर ह्यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे संपादिलेले संग्रह हे ह्या क्षेत्रातील आरंभीचे महत्त्वाचे प्रयत्न होत. सर्वांत विस्तृत संकलन हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून पुण्यास राहून केले. त्याची सुरुवात पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी व मावळ तालुक्यांच्या डोंगरी गावांत झाली. खेड्यांतील गरीब स्त्रियांच्या संघटनेचे काम करीत असताना ओवी हीच त्यांची खरी भाषा आहे, असे ह्या संशोधकांच्या लक्षात आले. पुढे एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर स्त्रियांकडून सु. १ लाख १० हजार ओव्या टिपण्यात आल्या आणि त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून हे भांडार ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ह्या संस्थेमार्फत प्रसिद्ध होत आहे.

मावळात उगम पावणारी पवना नदी ज्या गावांवरून वाहत येते, त्यांपैकी रावेत हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तत्पूर्वी ते शेतीचे गाव होते. उत्तरेस तुकारामांचे देहू, पूर्वेस मोरया गोसावींचे चिंचवड आणि आकुर्डीवरून जाणारा तुकारामांच्या पालखीचा मार्ग, असा हा टापू आहे. मावळातील ओवीत विठ्ठल व रुक्मिणी घरच्या माणसांसारखी वावरतात, ह्याचे कारण ह्या परिसरात शोधावे लागते. दर वर्षी आषाढी वारीच्या वेळी देवाच्या वाटेवरची माणसे ह्याच गावांलगतच्या वाटेने जात आली आहेत.

प्रेम : ओवीतील पतिप्रेमाविषयी लिहिताना पहिली अडचण संख्येची येते. भावावरील ओव्या विपुल आहेत. भावाचे नाव, त्याचा घोडा, त्याचा पटका, त्याचे शेत, सारे काही त्यांत येते. पतीवरील ओव्या त्या मानाने थोड्या व संकोची आहेत. ह्यावरून कष्टकरी मराठी स्त्रीचे प्रेम माहेरावरच होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पतीचे नाव घेणे निषिद्ध असल्याने तो ओवीत ‘भरतार’, ‘कंथ’, ‘हौशा’ अशा सामान्यनामांनी येतो. नाव घेण्याची मुभा फक्त उखाण्यात असते आणि उखाणा चारचौघांत, मंगलप्रसंगी घेतला जातो. भावाच्या बाबतीत असा निर्बंध नव्हता. शिवाय मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा नसल्याने (महाराष्ट्रात तो १९९४ च्या व देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला) भावाची माया हाच तिचा माहेरवरील एकमेव हक्क होता, आणि तो वारंवार गाऊन जिवंत ठेवावा लागे.

पतीवरील प्रेम म्हणून वस्तूंच्या आडून येते. बाजारातून आणलेली चोळी, तिचा निवडलेला रंग, पायांतील जोडवी, गळ्यातील डोरले ह्यांचे कौतुक करीत ओवी पतीविषयी बोलते. कुंकवाचे तर ओवीत पतीशी पूर्ण तादात्म्य झालेले आहे; कुंकवाला दिलेला आशीर्वाद हा त्यालाच दिलेला असतो. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाल्यानंतरच्या काळात घाटावरील व कोकणातील खेड्यांतून पुरुष मोठ्या प्रमाणावर मुंबईस जाऊ लागले. गावी राहिलेल्या स्त्रीच्या गीतांत वाट पाहणे हा विषय पूर्वीपासूनच होता. त्यात पत्र, आगगाडी आणि शहर ह्यांची भर पडली.

उघड्या शृंगाराचे क्षेत्र लावणीचे. रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर आदी शाहिरांच्या लावणीत विरहिणी आणि मत्सरी स्त्री स्वतःच्या तोंडाने बोलते. पण ते शब्द पुरुषांनी रचलेले आणि बव्हंशी पुरुषांपुढे सादर झालेले आहेत. ओवीची रचनाकार, गायिका आणि श्रोती अशा तिन्ही स्त्रियाच आहेत. ह्या दोन प्रकारांतील स्त्रीचित्रांची तुलना करताना हा भेद विसरता येत नाही.

मत्सर : सवत ही ओवीच्या काळातील कल्पित भीती नव्हती. मूल न होणे, शेतात राबायला आणखी दोन हात हवे असणे किंवा घरधन्याची मर्जी, ह्यांपैकी कोणतेही कारण दुसऱ्या लग्नाला पुरत असे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६ च्या अधिनियमाने बंदी झाली व १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने ती देशभर लागू झाली. तथापि कायद्यानंतर सवतीच्या ओव्या थांबल्या नाहीत, कारण सवत आणण्याची प्रथाही एकाएकी थांबली नाही. फक्त दुसरीला मिळणारे कायद्याचे संरक्षण नाहीसे झाले.

ह्या ओव्यांतील राग कोणावर आहे, हे पाहण्यासारखे आहे. तो सवतीवर असतो. पुष्कळदा सवतीवर मुलगी देणाऱ्या बापावर असतो. पतीवर मात्र अभावानेच असतो. ज्याच्यावर अन्नवस्त्र अवलंबून आहे, त्याच्यावर जात्यावरदेखील रागावता येत नाही. हा अडलेला राग रुक्मिणीच्या वाट्याला येतो. विठ्ठलावर रुसून रुक्मिणी दिंडीरवनात निघून गेली आणि तिला शोधत देव पंढरपुरास आला, ही कथा वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे. रुसण्याचे कारण म्हणजे राधा. पंढरपुरात रुक्मिणीचे मंदिर विठ्ठलाच्या मंदिरापासून वेगळे आहे, रा. चिं. ढेरे ह्यांनी श्रीविठ्ठल : एक महासमन्वय (१९८४) ह्या ग्रंथात विठ्ठलाच्या दैवतचरित्राची सांगोपांग चिकित्सा केली आहे. ओवी गाणाऱ्या स्त्रीला अशा चिकित्सेची गरज भासली नाही. देवाच्या घरातही नवराबायको वेगळी राहतात, ह्याचा अर्थ तिने स्वतःच्या अनुभवावरून लावला. तिच्या ओवीत रुक्मिणी विठ्ठलाला खडसावून विचारते, तुळशीचा हेवा करते आणि जनीच्या घरी रात्री दळायला का जातोस, म्हणून भांडते. जी बोलणी गाणारीला आपल्या घरात करता येत नाहीत, ती रुक्मिणी करते.

जनाबाईची कथा ह्या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. विठ्ठल जनीबरोबर दळतो. पहाटे घाईने परतताना त्याचे पदक तिच्याकडे राहते. चोरीचा आळ येऊन तिला सुळावर देण्याची शिक्षा होते आणि सुळाचे पाणी होते. प्रेम, संशय आणि मरणाचे संकट हे तिन्ही येथे एका जात्याभोवती आले आहेत. भाविक ह्या कथेकडे भक्तीचा महिमा म्हणून पाहतात. दळणारी स्त्री त्याशिवाय आणखी काही ऐकते : कष्टाच्या वेळी खुंट्याला हात लावणारा पुरुष. असा पुरुष तिला देवातच शोधावा लागला.

पुणे जिल्ह्यातीलच जेजुरीच्या खंडोबाची कथा सवतींविषयीची आहे. म्हाळसा ही वाण्याची लेक व लग्नाची बायको. बाणाई धनगराची; तिच्यासाठी देवाने धनगरवाड्यावर चाकरी केली आणि मेंढरे राखली. म्हाळसेचा संताप व दोघींची भांडणे हा वाघ्यामुरळींच्या गाण्यांतील आवडता विषय आहे. गडावर म्हाळसा देवाजवळ आहे आणि बाणाईचे मंदिर पायऱ्यांच्या वाटेवर, अर्ध्या डोंगरात आहे. गुंथर सोन्थायमर ह्यांनी ह्या दैवतपरंपरेचा, तिच्यातील शेतकरी व पशुपालक समाजांच्या संबंधांचा सखोल अभ्यास केला. घरी सवत असलेल्या स्त्रीने जेजुरीचा डोंगर चढताना काय पाहिले असेल, हे मात्र गीतांतूनच कळते.

मत्सर आणि मरण ह्यांची गीते अन्य देशांतही स्त्रियांनी सांभाळली आहेत. स्पेनमधील ‘रोमान्से’ हे पारंपरिक कथागीत ह्याचे ठळक उदाहरण होय. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी ही गीते मोरोक्को व तुर्की साम्राज्यातील शहरांत नेली आणि तेथील स्त्रियांनी ती विसाव्या शतकापर्यंत टिकविली. रामोन मेनेन्देथ पिदाल (१८६९–१९६८) ह्या स्पॅनिश विद्वानाला १९०० मध्ये मधुचंद्राच्या प्रवासात एका धोबिणीच्या तोंडी राजपुत्र हुआन (मृ. १४९७) ह्याच्या मृत्यूचे गीत ऐकू आले, ही घटना तेथील लोकगीतसंशोधनात प्रसिद्ध आहे. ह्या गीतांत घटना थेट घडते. ‘बेर्नाल फ्रान्सेस’ ह्या गीतातील पती प्रियकराच्या मिषाने दारी येतो व बेइमान पत्नीला ठार करतो. ‘कोंदे ओलिनोस’मध्ये राजकन्येच्या प्रियकराला तिची आई मारविते आणि मृत प्रेमिक झाडांच्या वा पक्ष्यांच्या रूपाने पुन्हा एकत्र येतात. स्पॅनिश गीतात सूड आहे, शस्त्र आहे आणि गोष्ट संपते. ओवीत शस्त्र नाही आणि गोष्ट संपत नाही; अन्याय सोसलेली स्त्री दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दळायला बसते. कथागीताचा गायक दुसऱ्याची कथा सांगतो, तर ओवी गाणारी दुसरीचे नाव घेऊन स्वतःची सांगते, हा ह्या दोहोंतील मूलभूत फरक होय.

शोक : सीता ही ओवीतील शोकाची अधिष्ठात्री आहे. वाल्मीकिरामायणातील लोकापवादाऐवजी लोकपरंपरेत सीतात्यागाचे मूळ घरात आहे. कैकेयी सीतेला रावणाचे चित्र काढावयास सांगते. सीतेने त्याच्या पायाच्या अंगठ्यापलीकडे काही पाहिलेले नसते, म्हणून ती तेवढाच काढते. कैकेयी उरलेले चित्र पुरे करून रामाला दाखविते. अशा रीतीने राज्यकर्त्याच्या धर्मसंकटाची जागा सासूच्या कारस्थानाने आणि नवऱ्याच्या संशयाने घेतली आहे. कथेतील हा बदल साधा नाही. तो करणाऱ्या स्त्रियांना अयोध्येच्या प्रजेशी काही कर्तव्य नव्हते; संशय कोठून सुरू होतो, हे त्यांना ठाऊक होते.

पुढील ओव्यांत सीता गरोदरपणी वनात जाते. बोरी-बाभळी तिच्या सोबतिणी होतात, तातोबा ऋषी तिच्या बाळंतपणात आधार देतो आणि लहू-अंकुशाचा पाळणा हलवितो. रामाविषयी येथे तक्रारीचा सूर आहे, पण तो सीतेच्या तोंडी आहे. सीतेने आपला सासुरवास साऱ्या बायांना वाटून दिला व प्रत्येकीच्या वाट्याला त्याचा तुकडा आला, ही ओवीतील कल्पना अनेक संग्रहांत आढळते. देवीकडून प्रसाद मिळावा, तसे येथे दुःख मिळते. तारा भवाळकर ह्यांनी सीतायन ह्या ग्रंथात ह्या परंपरेतील वेदना व विद्रोह दोन्ही दाखवून दिले आहेत.

शोकाचा दुसरा प्रवाह म्हणजे अहेवपणी येणाऱ्या मरणाचा. पतीच्या आधी, कुंकवासह मरण यावे, ही इच्छा ओवीत वारंवार व्यक्त होते. तीत मरणाचे वर्णन लग्नासारखे असते : हळदकुंकू, हिरवी चोळी, माहेरहून भावाने आणलेले अखेरचे लुगडे, आणि मागून चाललेला पती. वैधव्यातील हाल पाहिलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही निवड समजण्यासारखी आहे. पण त्याच माळेत, आपल्यामागे घरात दुसरी येईल आणि आपल्या लेकरांना सावत्र आई मिळेल, ही ओवीही येते. मत्सर मरणापलीकडेही पोहोचतो. दलित स्त्रियांनी हीच चौकट रमाबाई आंबेडकर (मृ. १९३५) ह्यांच्यासाठी वापरली. त्यांच्या निधनावरील ओव्यांत अहेव मरणाचा सारा साज आहे, परंतु पतीविषयीचा संकोच मात्र गळून पडला आहे. भीमरावांचे नाव तेथे उघडपणे व अभिमानाने घेतले जाते. रावेतनजीकच्या देहूरोड येथे आंबेडकरांनी १९५४ मध्ये बुद्धमूर्तीची स्थापना केली होती, आणि ह्या टापूतील दलित वस्त्यांना त्यांचे नाव परके नव्हते.

ओवी ही सोशिकपणाची शिकवण आहे, असा आक्षेप घेतला जातो. सीतेचे दुःख गाऊन स्त्री स्वतःचे दुःख सुसह्य करते आणि म्हणून ते बदलत नाही, असा त्याचा आशय. त्यात तथ्य आहे. परंतु ज्या समाजात ह्या स्त्रीला लिहिता येत नव्हते व बोलण्याची मुभा नव्हती, तेथे अन्यायाची नोंद कोणीतरी ठेवली, ती ह्या ओव्यांनीच. राईरकर व पॉइटवाँ ह्यांच्या कामात तर गावोगावच्या बैठकांत स्त्रिया आपल्याच ओव्यांचा अर्थ सांगत, त्यांवर वाद घालत, आणि त्यांतून सासुरवास व सवत हे चर्चेचे विषय होत.

ऱ्हास : गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्यानंतर जात्यावरचे दळण बंद झाले. स्त्रीच्या पाठीवरील एक मोठा भार त्यामुळे उतरला, हे विसरून ओवीच्या लोपाबद्दल हळहळणे योग्य नव्हे. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढील दशकांत पवनेच्या दोन्ही काठांवर औद्योगिक वसाहती व नागरी वस्ती पसरली. रावेतच्या शेतांच्या जागी आता बहुमजली इमारती आहेत. जाते तेथे लग्नाच्या आदल्या दिवशी हळद दळण्यापुरते बाहेर निघते किंवा त्यासाठी लहानसे नवे आणले जाते. सुपारी-हळकुंड बांधून त्याची पूजा होते व ज्येष्ठ स्त्रिया चार ओव्या म्हणतात. प्रसंग मंगल असल्याने त्या ओव्या गणपतीच्या, नवरदेवाच्या व मांडवाच्या असतात. सवतीची, दिंडीरवनाची आणि वनवासाची ओवी अशा वेळी सहसा म्हणत नाहीत.